सहा मिलिमीटरचा ठिपका

सर,

तुमच्या बायकोच्या स्वादुपिंडात गाठ निघाली. तुमची होती तिथेच, स्वादुपिंडाच्या डोक्याच्या बाजूला. तुम्ही असता तर आधी "फिल्म कुठंय?" असं विचारलं असतं आणि माणूस कसा आहे हे नंतर, आठवलं तर. म्हणून मीही त्याच क्रमाने सांगते. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली तरी तुमची शिस्त माझ्या अंगातून गेलेली नाही, याचा मला राग येतो. पण बावीस वर्षं एका माणसाच्या हाताखाली एक्स-रे आणि सोनोग्राफीच्या खोलीत काढल्यावर एवढं अंगात राहणारच.

दिवाळीनंतर वहिनींचं जेवण कमी झालं. पाठीत दुखायचं, वजन उतरलं, कधी नव्हे ती रक्तातली साखर वाढली. तुमचा मुलगा आता तुमच्या खुर्चीत बसतो. लातूरच्या सेंटरला काचेचं दार आलंय, आत थंडगार हवा आहे, आणि भिंतीवर हार घातलेले तुम्ही आहात. त्या फोटोखाली त्याने आईच्या पोटावर तीनदा सोनोग्राफीचा दांडा फिरवला आणि तीनदा एकच वाक्य लिहिलं: गॅसमुळे स्वादुपिंड नीट दिसत नाही. वाक्य ओळखलंत ना? तुम्ही ते दिवसातून पाच वेळा लिहायचात. घर, जमीन, मशिनं यापेक्षा तुमचा हाच वारसा त्याने जास्त जपलाय. गॅस होता हे खरं असेल. पण जे दिसलं नाही ते बघायला दुसरा रस्ता धरावा, एवढं पुढचं वाक्य तुम्ही कधी लिहिलं नाहीत आणि त्यानेही लिहिलं नाही. साखरेची गोळी वाढवली, पित्ताची गोळी दिली, झालं. शेवटी एक दिवस भांडी घासणारी बाई वहिनींना म्हणाली, "डोळे हळदीवानी झालेत की तुमचे." डॉक्टरच्या घरात कावीळ ओळखली ती भांडी घासणारीने. मी फोनवर हे ऐकलं तेव्हा मला हसू आलं. चांगलं हसू नव्हे.

मग मात्र त्याने सीटी नीट केला, हे कबूल करते. औषध शिरेत सोडल्यावर स्वादुपिंडासाठी एकदा लवकर आणि यकृतासाठी थोडं थांबून पुन्हा, असे दोन्ही वेळा फोटो घेतले. काविळीसाठी पित्ताच्या वाटेत नळी टाकायची होती, तीही सीटी झाल्यावरच टाकली, कारण नळी आधी पडली की आजूबाजूला सूज येते आणि मग गाठ कुठं संपते ते कळत नाही. सीटीत गाठ दिसली. मोठ्या रक्तवाहिन्या सुटलेल्या होत्या, म्हणजे कापून काढता येण्याजोगी. आणि यकृताच्या वरच्या कडेला एक ठिपका होता. सहा मिलिमीटर. तुरीच्या दाण्याएवढा. रिपोर्टमध्ये त्यापुढे लिहिलं: फार लहान असल्याने स्वरूप ठरवता येत नाही. ते प्रामाणिक वाक्य होतं. पुढचं सगळं त्या एका ठिपक्यावर अडलं.

तुम्हाला सांगायला नको, पण सांगते, कारण तुमच्या घरच्यांना हे सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला. स्वादुपिंडाचं हे ऑपरेशन म्हणजे गळू फोडणं नाही. सात-आठ तास पोट उघडं. स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याचा भाग, पित्ताची वाट, सगळं काढायचं आणि उरलेलं पुन्हा जोडायचं. रोग तिथल्या तिथे असेल तर हे सोसण्यात अर्थ आहे. तो यकृतात किंवा पोटाच्या अस्तरावर पोचला असेल तर काहीही कापून तो जात नाही. माणसाचे जे काही महिने उरलेत ते जखम भरण्यात जातात. बहात्तर वर्षांच्या बाईचे तर नक्कीच. तेव्हा प्रश्न एकच होता: तो ठिपका काय आहे? नांदेडचा सर्जन चाळिशीचा आहे, तुटक बोलतो, मला आवडला. त्याने फिल्म पाहिली आणि म्हणाला, "एमआरआय करा. यकृतातल्या बारक्या गोष्टीत सीटीपेक्षा तो बरा."

एमआरआय नांदेडला होता आणि मी आता तिथेच असते, म्हणून वहिनी दोन दिवस माझ्याकडे राहिल्या. तुमची बायको माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून मेथी निवडतेय, हे तुम्ही कधी कल्पिलं नसेल. तुमच्या घरी मी बावीस वर्षांत तीनदा आले, तीनही वेळा हॉलपर्यंत. त्यांना कोणी काही सांगितलेलं नव्हतं. "साधी गाठ आहे" एवढंच. कॅन्सर हा शब्द घरात कोणी उच्चारायचा नाही असा तुमच्या भावाचा हुकूम होता, जणू तो शब्द कानावाटे पोटात शिरतो. मी त्यांना श्वास धरायला शिकवत होते. त्या मशीनमध्ये माणसाने वीस-वीस सेकंद श्वास धरला नाही तर यकृत हलतं आणि चित्र पुसट येतं. मी घड्याळ धरून उभी आणि त्या डोळे मिटून, गाल फुगवून बसलेल्या. सातव्या वेळी जमलं. श्वास सोडून म्हणाल्या, "साध्या गाठीला एवढा श्वास कोंडायला लागतो का गं?" मी गॅस बारीक केला. खोटं बोलले नाही आणि खरंही बोलले नाही. त्यांनी पुन्हा मेथी हातात घेतली.

चित्र स्वच्छ आलं. निरुपद्रवी पाण्याची पिशवी असती तर ती एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रात दिव्यासारखी झळकली असती आणि दुसऱ्या प्रकारात विझली असती. हा ठिपका पहिल्यात मळकट होता आणि दुसऱ्यातही विझला नाही. नांदेडच्या रेडिऑलॉजिस्टने स्पष्ट लिहिलं: रोग पसरल्याचा संशय. सुई घालून तुकडा काढावा म्हटलं तर जागा वर, बरगडीआड, आणि ठिपका एवढासा.

तुमच्या मुलाने ते चित्र फोनवर पाहिलं आणि मला म्हणाला, "मावशी, आईचा श्वास हलला असेल. ते खरं नाही." मी त्याला सांगितलं की श्वास मी स्वतः मोजलाय. तो म्हणाला, "मग पेट स्कॅन करू. पेट सगळ्यात वरचा." सर, हे मला तुमच्या धंद्यातलं कधी कळलं नाही. तपासण्यांची उतरंड लावायची, जणू त्या तहसीलदार, कलेक्टर आणि कमिशनर आहेत, आणि खालच्याचा निकाल पटला नाही की वर अपील करायचं. सीटीला जे दिसतं ते पेटला दिसेलच असं नाही आणि पेटला दिसतं ते एमआरआयला दिसेल असं नाही. हाडात, फुफ्फुसात, मानेच्या गाठीत रोग गेलाय का, हे बघायला पेट चांगला. पण तो उजळतो ते साखरेसारखं औषध रोगाच्या पेशींनी प्यायल्यावर, आणि सहा मिलिमीटरच्या ठिपक्याने प्यालं तरी किती पिणार? शिवाय वहिनींची साखर आधीच वाढलेली. मी मुलाला बजावलं होतं, सहा तास पोटात पाण्याशिवाय काही नको. त्याला हे माहीत नाही का? माहीत आहे. दुसऱ्यांच्या आयांना तो रोज हेच सांगतो.

पेटसाठी हैदराबादला निघायच्या सकाळी तुमचे भाऊ गावाकडून जीप घेऊन आले. त्यांच्याबरोबर तुमची भावजय आली आणि उंबऱ्यात वहिनींना थांबवून त्यांच्या तळहातावर दही-साखर ठेवली. चांगल्या कामाला निघालं की ठेवायची असते. तीही चिमूटभर नव्हे, तिचा हात सढळ आहे. वहिनींनी खाल्ली. तुमचा मुलगा, रेडिऑलॉजीचा एम.डी., तिथेच उभा होता. त्याने तिला थांबवलं नाही. स्वतःचा तळहात पुढे केला. वाटेत जीप थांबली तिथे वहिनींनी चहाही घेतला, नेहमीचा, गोड. हे मला नंतर वहिनींनीच फोनवर सांगितलं, भोळेपणाने, प्रवास किती बरा झाला हे सांगताना. सेंटरवर बोटातून साखर तपासली तर ती मर्यादेच्या काठावर. तिथल्या माणसाने परत या म्हणायला हवं होतं. पण एवढ्या लांबून आलो, आजारी बाई आहे, मुलगा स्वतः डॉक्टर आहे, असं सगळं झालं आणि त्याने केला स्कॅन. साखरेचा आकडा रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहून तो मोकळा झाला. खाल्लेल्या माणसाचे स्नायूच ते औषध पिऊन टाकतात. रोगाला मिळतं ते उरलंसुरलं.

रिपोर्टची शेवटची ओळ: स्वादुपिंडाखेरीज अन्यत्र ठळक काही नाही. ही ओळ आणि तो रंगीत फोटो तुमच्या घराण्याच्या ग्रुपवर गेला. निळं अंग आणि मधे पिवळा-तांबडा गोळा. सत्तेचाळीस माणसं आहेत त्यात. हात जोडलेली चित्रं आली, फुलं आली, देवाची कृपा आली. मला तुमच्या सुनेने पाठवला. वरचा कोपरा वाचणारं त्या सत्तेचाळिसांत कोणी निघालं नाही. ऑपरेशनची तारीख ठरली.

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने लातूरला निघाले. तुम्हाला माहीत आहे, कोणी बोलावल्याशिवाय मी कोणाकडे जात नाही. लोहा गेलं आणि मला ती देवणीकडची बाई आठवली. तुम्हाला ती आठवत नसेल. माझं नोकरीचं दुसरं वर्ष. पोट फुगलेलं, लेक बरोबर. तुम्ही सोनोग्राफी केलीत, गॅस म्हणालात, पुढचा पेशंट घेतलात. पडद्यावर यकृताच्या कडेला जे होतं ते मला दिसलं होतं आणि मी बाहेर येऊन लेकीला हळूच म्हणाले, सोलापूरला मोठ्या दवाखान्यात दाखव. ती पोरगी तशीच आत तुमच्याकडे विचारायला गेली. तुम्ही बाहेर आलात. बाकावर दहा माणसं. "वाचायची पदवी माझ्याकडं आहे. तुझं काम बटण दाबायचं." आवाज चढवला नाहीत. चढवला असता तर बरं झालं असतं. त्यानंतर महिनाभराने तुम्ही माझ्या टेबलावर तुमचं स्वतःचं जुनं पुस्तक ठेवलंत, तुमच्या हातच्या पेन्सिलच्या खुणा असलेलं, जाडजूड. "रिकामी असलीस की वाच," एवढंच म्हणालात. मी बी.एस्सी. झालेली बाई. वाचलं. दोनदा वाचलं. तुमच्या मनात काय होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही. बघायला शिकवलंत आणि बोलायचं नाही हेही शिकवलंत. मुका तज्ज्ञ तयार करायचा होता का तुम्हाला? ती बाई पुन्हा आली नाही. लेकही आली नाही.

अहमदपूरच्या स्टँडवर गाडी वीस मिनिटं थांबली. कंडक्टर चहाला गेला. मी उतरले नाही. मला तुमचा सीटी दिसत होता. लातुरात तेव्हा ते मशीन नवं होतं आणि तुम्हाला त्याचा केवढा तोरा. तुम्ही स्वतः टेबलावर आडवे झालात. मी शीर धरली. मी म्हटलं, सर, दोन वेळा घेऊ. तुम्ही म्हणालात, "एकदाच घे, बाहेर पेशंट थांबलेत." मरायला टेकलेल्या माणसाला घाई होती ती दुसऱ्यांचे फोटो काढायची. मग हातातली सुई तशीच, वर कापूस धरलेला, आणि तुम्ही पडद्यासमोर येऊन बसलात आणि स्वतःचा फोटो स्वतः वाचायला लागलात. दुनियेत कुठला शहाणा रेडिऑलॉजिस्ट असं करतो? गाठ तुम्हाला दिसली, ती न दिसणं शक्यच नव्हतं. यकृतात तीन ठिपके होते. तुम्ही म्हणालात, "पाण्याच्या पिशव्या. जन्मापासून असतील." कडा धुरकट होत्या, सर. पाण्याच्या पिशवीची कडा पेन्सिलने काढल्यासारखी असते. तुम्हीच त्या पुस्तकात समासात लिहून ठेवलंय. मग तुम्ही खुर्ची फिरवलीत आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा मला विचारलंत, "तुला काय वाटतं?"

मी म्हणाले, "मला काय वाटायचंय, सर. मी बटण दाबते."

तुम्ही हसलात. तुम्हाला तो विनोद वाटला. तो विनोद नव्हता. मी ते वाक्य वीस वर्षं जपून ठेवलं होतं आणि मला ते वापरायची संधी मिळाली, एवढंच. तुम्ही ऑपरेशनला गेलात. त्यांनी पोट उघडलं, यकृतावर हात फिरवला आणि पुन्हा शिवलं. त्यानंतर सात आठवडे काढलेत. त्यात जखम पिकली. मी दोनदा भेटायला आले आणि हॉलमध्ये बसून गेले. दोष तुमचा होता असं मी अठरा वर्षं म्हणत आलेय आणि आजही म्हणते. तुम्ही माझं तोंड बांधलंत. पण तुम्ही विचारलंत तेव्हा ती बांधलेली गाठ सुटली होती आणि तोंड माझं होतं. कंडक्टर परत आला.

तुमच्या हॉलमध्ये सगळे जमले होते. तुमचे भाऊ सोफ्यावर, वहिनींच्या त्या दही-साखरवाल्या जाऊबाई खाली सतरंजीवर, मुलगा उभा, सून चहा करायला आत. वहिनी पलीकडच्या खोलीत झोपल्यात असं सांगण्यात आलं. मी बसायच्या आत म्हटलं की हे ऑपरेशन असंच करू नका. तुमच्या भावाने आधी माझ्या चपलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमी डॉक्टर हायत का, बाई?"

"नाही. तुम्हीही नाही. तरी बोलताय."

त्यांनी मोबाईल काढून माझ्यापुढे धरला. "ह्यो बघा. कलरमधी हाय. ह्येच्यात कुठंबी काय न्हाई. तुमचे ते काळे-पांढरे फोटो किती सालचे?" सर, मला वाटलं हसावं. पन्नास एकरांचा माणूस, देवणीच्या बैलाचं वय दातावरून सांगणारा, आणि त्याला वाटतं की रंगीत फोटो काळ्या-पांढऱ्यापेक्षा खरा. रंग मशीन भरतं, मी म्हटलं, माणसाच्या पोटात रंग नसतात. पण माझं भांडण त्यांच्याशी नव्हतंच. अडाण्याला अडाणी असायचा हक्क आहे. मी तुमच्या मुलाला म्हटलं, वरचा कोपरा वाच. मोठ्याने वाच. तो म्हणाला, "मावशी, पेट क्लिअर आहे." मी म्हटलं, पेट क्लिअर नाही, पेटला दिसलं नाही, आणि का दिसलं नसेल ते तू दही-साखर चाटून हात पुसलास तेव्हा तुला माहीत होतं. जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला. "मी काय वाईट केलं का? चांगल्यासाठीच केलं की." त्यांची समजूत काढायला मी नांदेडहून आले नव्हते. मी म्हटलं, तुम्ही वाईट नाही केलं, ज्याने अडवायचं त्याने अडवलं नाही. मुलगा खाली बघत होता. सर, तो क्षणभर अगदी तुमच्यासारखा दिसला, हातात कापूस धरून पडद्यासमोर बसलेला. त्याला ठिपका दिसत होता. त्याला तो ठिपका पाण्याचा हवा होता.

मी सांगितलं की मोठा छेद घ्यायच्या आधी बेंबीपाशी बारीक छिद्र पाडून आत दुर्बीण घालायला सांगा. कॅमेऱ्याने यकृताची वरची बाजू आणि पोटाचं अस्तर डोळ्याने बघून घेता येतं. स्वच्छ असेल तर त्याच वेळी पुढचं ऑपरेशन करा, मी पेढे वाटेन. नसेल तर छिद्र शिवा आणि घरी आणा. भावाने विचारलं, म्हणजे एवढी मशिनं झाली आणि शेवटी डोळ्यानेच बघायचं? मी म्हटलं, हो. त्या माणसाच्या तोंडून दिवसभरात निघालेलं ते एकच शहाणं वाक्य होतं.

तेवढ्यात खोलीचं दार उघडलं आणि वहिनी चौकटीत उभ्या राहिल्या. झोपल्या नव्हत्या. डोळ्यांचा पिवळेपणा उतरला होता, गालफडं बसली होती. मुलगा म्हणाला, आई, तू आत जा, हे आमचं चाललंय. त्या म्हणाल्या, "माझ्या पोटाचं चाललंय ना? मग मला बसू दे." आणि बसल्या. मग सावकाश बोलल्या. "तुझ्या बापाला कापलं तवा ती जखम मी धूत होते. रोज दोनदा. तू शिकायला होतास. त्यांना शेवटी तुझं नावबी आठवंना, पण पट्टी सोडायची म्हटलं की रडायचे. मला कॅन्सर हाय हे मला ठाव हाय, तुमी कुणी सांगायची गरज न्हाई. ही म्हणते तसं आधी बघून घ्या. घाण पसरली असली तर मला उगंच फाडायचं न्हाई."

 सुनेने चहा आणला आणि तो सगळ्यांनी घेतला, कारण तुमच्या घरात चहा नाकारत नाहीत. मुलाने माझ्यासमोर नांदेडच्या सर्जनला फोन लावला. तो पलीकडून म्हणाला, "मी तसंच करणार होतो." करणारच होता म्हणे. सगळे डॉक्टर कुणी तरी सांगितल्यावर तसंच करणार असतात.

तर फिल्मचं झालं. आता माणसाचं. दुर्बिणीत तो ठिपका यकृताच्या वरच्या पाठीवर पांढरा, घट्ट दिसला. आणि अस्तरावर, उजवीकडे, खसखशीसारखे दाणे सांडलेले होते. ते दाणे सीटीत नव्हते, एमआरआयमध्ये नव्हते, उपाशीपोटी केला असता तरी पेटमध्ये दिसले नसते. त्यांनी तुकडा घेऊन तिथल्या तिथे तपासला, खात्री केली आणि शिवून टाकलं. तीन बारक्या पट्ट्या. तिसऱ्या दिवशी वहिनी घरी होत्या. आता दर पंधरा दिवसांनी सलाईनमधून औषध घेतात. किती महिने, कोणी सांगत नाही आणि त्या विचारत नाहीत. केस गेलेत. भाकरी जात नाही, आंबील जाते. मागच्या रविवारी अहमदपूरकडच्या शेतावर जाऊन आल्या, स्वतःच्या पायांनी बांधापर्यंत गेल्या आणि गड्याला तुरीत तण किती माजलंय म्हणून बोलल्या. तुमचे भाऊ आल्यागेल्याला सांगतात की त्या नांदेडच्या बाईने मोडता घातला, न्हाईतर ऑपरेशन झालं असतं आणि वहिनी खडखडीत बऱ्या झाल्या असत्या. सांगू देत. त्यांच्या मोबाईलमध्ये तो रंगीत फोटो अजून आहे.

वहिनी मात्र मला म्हणतात, तू होतीस म्हणून मी वाचले. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणतात. मी तो सोडवून घेते आणि त्यांना वाटतं मला कौतुक आवडत नाही. म्हणून हे तुम्हाला लिहितेय. तुम्ही उत्तर देणार नाही आणि कोणाला सांगणार नाही. या पत्राला पाकीट लागणार नाही.

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर आम्ही बसलो होतो. पंचवीस मिनिटांत दार उघडलं. पंचवीस मिनिटांत दार उघडलं म्हणजे काय, हे तुमच्या मुलाला आणि मला, दोघांनाच कळलं. सर्जन मास्क खाली करून म्हणाला, "पसरलंय." मुलाने भिंतीला पाठ टेकली आणि तो हळूहळू खाली बसला. आणि मला, सर, बरं वाटलं. वहिनी आत गुंगीत पडलेल्या, त्यांच्या पोटात ते सगळं सांडलेलं, आणि मला छान वाटलं. मी बरोबर वाचलं होतं. मी त्याच्याकडे बघत उभी राहिले, त्याने मान वर करावी म्हणून. त्याने केली नाही. मी तरीही बराच वेळ वाट बघितली.